पांढरा पडलेला बंपर

मुलुंडला गाडीच्या सामानाच्या दुकानात मी बल्बसाठी थांबलो होतो. माझ्यापुढे एक वयस्कर बाई दुकानदाराशी बोलत होत्या.

“सहदेव, मारुतीचा बंपर पांढरा पडलाय रे. दारांचं रबरही.”

“काय लावता त्याला, काकू?”

“खोबरेल. दर रविवारी.”

“म्हणूनच वाट लागली! धूळ चिकटते ना त्यावर. साबणाने धुवा, नीट वाळू द्या, मग ग्लिसरीन चोळा.”

“बंपरला बुटाचं पॉलिश चालेल? यांची अर्धी डबी उरलीय.”

“नको, कपड्यांना लागतं. काका गेल्यापासून गाडी चालवतं कोण?”

“कुणीच नाही. संध्याकाळी मी जाऊन बसते आत. काचा वर केल्या की बरं वाटतं.”

“विकून टाका ना, काकू.”

“ट्रॉम्बेची मुलगीही तेच म्हणते.”

“येते का ती?”

“शेजाऱ्यांना फोन करून विचारते, आई बरी आहे ना.”

“बरं, उद्या माणूस पाठवतो. तासाभरात झकास करून देईल.”

“आणि मी केलं तर?”

“तुम्ही? अख्खी दुपार जाईल.”

“अख्खी?”

“मग काय! दोन बंपर, चार दरवाजे, सगळे कानेकोपरे.”

“मग माणूस नको पाठवूस. ग्लिसरीनची मोठी बाटली दे.”