चिठ्ठीत निघालेली जागा

गावाचा इतिहास लिवायचा म्हणता गुरुजी, मला तर हसूच येतंय. ह्या गावाला कसला आलाय इतिहास, इथल्या लिंबाला अजून धड सावली न्हाई. आमचं खरं गाव गोदेच्या काठी व्हतं. आता पाण्याखाली गेलं. दुष्काळात आमी धरणावर माती वाहिली, पोटाला मिळतंय म्हणून खूश व्हतो, अन् त्याच धरणाचं पाणी मागं सरकत सरकत आमच्या चुलीपातूर आलं. सांगायचं कुणाला? आपल्याच हातानं टाकलेली माती ती.

जुन्या गावात आमची वस्ती उगवतीला, गावापासून तोडून, मधी वढा. आमी धर्म घेतला, बुद्ध झालो, घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले, सासू रडली पण तिनं बी सोडले. तरी वस्ती तिथंच अन् वढा बी तिथंच. म्हणून जव्हा गाव उठायचं ठरलं ना, तव्हा समदे छाती बडवून राह्यले व्हते अन् मी मनात म्हणलं, बुडू दे मेलं. खोटं कामून बोलू? मला बिलकुल वाईट वाटलं न्हाई.

मंग इथं आलो, कुंभार पिंपळगावच्या अलीकडं, उघड्या माळावर. साहेब लोकांनी चुन्यानं रेघा मारल्या व्हत्या, सरळ आळ्या, बराबर सारखे प्लॉट. साहेब म्हणला, हे सरकारचं गाव हाये, इथं वरची आळी खालची आळी न्हाई, चिठ्ठीत जे निघंल ते घ्यायचं. डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, भर उन्हात, समद्यांच्या समोर. अन् आमच्या मालकाची चिठ्ठी निघाली ती मधल्या आळीतली, हापशाच्या समोरची. काय सांगू तुमाला, मी आपली लुगड्याचा पदर तोंडात धरून हसतीय, हसू काही दाबंना. घरातून घागर घेऊन निघालं की चार पावलावर पाणी! उभ्या जन्मात असं सुख बघितलं न्हवतं.

शेजारी कोण आलं, तर गयाबाई. मराठ्याची, चांगल्या खात्यापित्या घरची. ह्या रांगेत दोन घरांना मिळून एकच भिंत घालायची व्हती, म्हंजी चिखल बी एकत्रच तुडवायचा. पहिल्या दिवशी ती एका कडंला, मी एका कडंला, मधी चिखल. अन् बाई घसरली की हो, सपशेल पडली भुसा-चिखलात! मी इचार न करता हात धरला अन् वढलं वर. मंग ध्यानात आलं, ह्या हाताला आजवर कव्हा शिवले न्हवते. ती बी बघून राह्यली. अन् एकदम दोघींना असं हसू फुटलं म्हणता, गडी माणसं काम टाकून बघाया लागली. त्या दिवसापून ती मला शेवंता म्हणायची अन् मी तिला गयावैनी. माझ्या हातचा ठेचा तिला लई आवडायचा, सासूची नजर चुकवून खायची, तोंड पोळलं की माझ्याच नावानं शिव्या देयाची.

पुढं पोळा आला. बैलं कुठून निघायची, कोणत्या दारानं जायची, कोणाचा मान पहिला, ह्याच्यावरून म्हातारे पारावर बसले. अन् त्यांचं ठरलं की गाव नवं असू दे, पण माणसं आपापल्या जागी पायजेत. भांडण न्हाई, शिवी न्हाई. गोड बोलूनच आले हो. म्हणले, शेवंता, तुझे लोक कुठं कुठं फाकलेत, समदे खालच्या अंगाला एकत्र ऱ्हावा, तुमालाच बरं पडंल, आमी बदलून देतो जागा. मी म्हणलं, चिठ्ठीत निघालीय माझी जागा, तुमच्या डोळ्यादेखत निघालीय, मी न्हाई हलायची.

पण आमचेच लोक एकेक करून हो म्हणून बसले व्हते. चुलतसासरे मला म्हणले, पोरी, रातच्याला काही झालं तर त्या आळीत तुझ्या हाकंला कोण येणार? अन् सकाळी कामाला कोणाच्या वावरात जाणार? म्या म्हणलं गयावैनी येईल हाकंला.

तालुक्याला, अंबडला जाऊन साहेबाला गाठलं. साहेब म्हणला, बाई, तुमी आपसात केलं तर सरकार मधी काय करणार. आपसात! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. घरी आले तर मालक भांडी बांधून बसलेले, मान खाली घालून. नुसतं म्हणले, चल. जल्मात त्या माणसानं मला वरडून बोललं न्हाई, त्या दिवशी बी न्हाई. वरडला असता तर मी भांडले असते.

निघताना गयावैनी दारात उभी. मला वाटलं आता ही बोलंल. तिचे डोळे भरून आल्ते, पण म्हणली काय, माझं कोण ऐकतंय माय. राग बी आला तिचा अन् कीव बी आली. तिची तरी काय चालणार व्हती.

आता इथं नाल्याच्या काठाला ऱ्हातो. पावसाळ्यात पाणी चुलीत येतं. पण खोटं बोलणार न्हाई, धाकटी पोरगी झाली तव्हा एका हाकंत दारात बाया गोळा झाल्या. चुलतसासरे चुकीचं बोलले न्हवते, त्याचंच तर दुःख हाये.

परवा त्याच धाकटीला गयावैनीकडं विरजण आणाया धाडलं. येईना म्हणून मागून गेले. तर ही पायरीच्या खाली, उन्हात, तांब्या भुईवर ठेवून, हात मागं बांधून उभी. गयावैनी आतून म्हणतीय, ये की गं आत, उन्हात कामून उभी? पोरगी हलंना. मला धसकाच बसला. म्या तिला सांगितलं न्हाई, बापानं सांगितलं न्हाई, गयावैनी लेकराची शपथ घेती. जुनं गाव तर हिनं डोळ्यानं बघितलं न्हाई. मंग कुठं थांबायचं ते हिला कळलं कसं? तांब्या उचलला अन् घरी आले.

लिवा तुमी गावाचं, चांगलंच लिवा, आता हेच आपलं गाव. समद्यांची लेकरं सुखी ऱ्हावोत. माझी पोरगी तुमच्याच शाळंत हाये, पहिलीला. दाराशी बसती म्हणं. नुसतं ये म्हणू नका तिला, तशी ती यायची न्हाई. तेवढा हात धरून आत बसवा.