चाळीस किलो कमी

लेक: बाबा, ‘चालेल हो’ हे इंजिनाचं माप नाही. पेट्रोलची गाडी विकणाऱ्याला बारापर्यंत हो की नाही कळवायचंय. आकड्यात बोला.

बाबा: आकडा कंपनीनेच छापलाय. आपलं चाकांवरचं घर, ही कॅराव्हॅन, एक हजार पन्नास किलो. पेट्रोलची गाडी ओढते तेराशे. अडीचशे किलोंची ढील! चाळीस वर्षं कपडे शिवले मी, एवढी ढील कुणाच्या पोटालासुद्धा दिली नाही.

आई: छापलेला आकडा रिकाम्या डब्याचा. त्यात गाद्या नाहीत, गॅस नाही, पाणी नाही, तुमच्या सतरा चपला नाहीत.

बाबा: म्हणून तर भरून आणला ना तुझ्या वजनकाट्यावर!

आई: माझा कसला आता? निवृत्त होऊन आठ महिने झाले. नवा काटेवाला चहाला जाताना म्हणाला, बाई, बसा तुमच्या खुर्चीत. बसले. मेल्याने खुर्ची इतकी वर करून ठेवलीय की पाय लोंबकळतायत.

लेक: आई, डिझेलची गाडी हुकातून सोडवून बाजूला लावलीय. प्लेटवर आता नुसता डबा आहे.

आई: आकडा हलू दे जरा, स्थिर होऊ दे. तोवर मला सांग, विजेवरची गाडी का नको? सगळे तिचं कौतुक करतात.

लेक: एकटी धावायला छानच आहे गं. मागे डबा लावला की पल्ला निम्म्यावर येतो. तुम्हाला दोन वर्षं फिरायचंय, चार्जिंगच्या खांबाला बांधून राहायचं नाहीये.

बाबा: बरोबर. पेट्रोलच बरं. आवाज नाही, थरथर नाही, कशी लोण्यासारखी चालते!

लेक: सपाटीला. चढ लागला की किंचाळेल, आणि उन्हातून आलेल्या म्हशीसारखी पेट्रोल पिईल. डिझेलचं इंजिन कमी फेऱ्यांत जोर लावतं, बाबा. मान खाली घालून गपगुमान ओढतं. ही बाहेर उभी आहे ती दोन हजार किलो ओढते. मी स्वतः तिचं इंजिन उघडून पाहिलंय.

बाबा: मान खाली घालून गपगुमान ओढणारा या घरात एक आहे तेवढा पुरे.

आई: कोण हो? ओळख करून द्या एकदा.

लेक: आकडा आला! बाराशे नव्वद.

बाबा: तेराशेच्या आत! लाव गं फोन. पेट्रोल पक्कं.

आई: थांब. फोन ठेव खाली. माझ्या वहीत तेराशे तीस आहेत.

बाबा: कुठली वही?

आई: सहा महिने घरातली एकेक वस्तू तोलून लिहिलीय मी. पाण्याची टाकी सत्तर किलो. पांघरुणं नऊ. तुमच्या कात्र्यांचा डबा साडेचार.

बाबा: अगं, मलाही तोललंस की काय?

आई: तुम्ही गाडीच्या पानावर आहात. दोनदा तोललंय, जेवणाआधी आणि जेवणानंतर. फरक सांगत नाही, लेक उभी आहे.

बाबा: मग तुझा काटा चुकत असेल.

लेक: बाबा! हे वाक्य या खोलीत?

आई: बोलू दे त्यांना. अहो, हा काटा दहा किलोंखालचं बघत नाही, पण त्यावरचं सोडत नाही. काटा चुकतोय म्हणणारे ट्रकवाले शेवटी खाली उतरून आपल्याच हाताने खडी उपसायचे.

लेक: ट्रकवाले अजून सांगतात, बाबा, माझ्या गॅरेजात. बाईंनी खिडकीतून नुसते टायर बघून आकडा सांगायचा आणि मग काट्याने त्यांच्या मागोमाग म्हणायचा. तिची लेक म्हणून मला वाटेवरच्या प्रत्येक टपरीवर फुकट चहा मिळतो.

बाबा: मला नाही मिळत.

लेक: तुम्ही कधी सांगितलंत, नवरा म्हणून?

बाबा: सांगितलं होतं एकदा. एकाने माझ्याकडून दोन चहांचे पैसे घेतले. म्हणाला, बाईंनी मला परत पाठवलं होतं.

आई: विषय बदलू नका. पाणी भरलंय?

बाबा: काठोकाठ.

आई: गॅस?

बाबा: दोन्ही सिलिंडर.

आई: मग डब्याचं नाक वर कसं? अगं, बघून ये जरा.

लेक: (बाहेर जाऊन येत) आई, हुकाची बाजू मी एका हाताने उचलली. परवा दोन्ही हातांनी हलत नव्हती.

आई: पुढचं वजन गेलंय. नाक हलकं झालं की रस्त्यात डबा शेपूट हलवायला लागतो आणि मग शेपूट गाडीला हलवतं. पुढच्या बाकाखाली काय होतं? शिलाई मशीन. लोखंडी स्टँडसकट अडतीस किलो. काट्याच्या भाषेत चाळीस.

(लेक खिडकीबाहेर बघू लागते.)

आई: आणि तू कुठे बघतेस? त्या डिझेलच्या मागच्या काचेत गोणपाट दिसतंय ते मघाच बघितलंय मी.

लेक: मला शपथ घातली होती त्यांनी.

बाबा: शिवणवर्गाला देऊन टाकतोय मी ते. जुनं झालंय. दुकान बंद केलं, आता कोण शिवतंय?

आई: गेल्या आठवड्यात डब्यापुढचा तंबू कुणी शिवला? बावीस मीटर जाड कापड, एक टाका वाकडा नाही. शेजारणींना बोलावून उलटी बाजू दाखवली मी. म्हटलं, सुलट कोणीही दाखवेल, आमच्या ह्यांची उलट बघा.

बाबा: तू दाखवलीस? मला नाही बोललीस.

आई: बोलले असते तर तुमचं वजन पुन्हा घ्यावं लागलं असतं. खरं सांगा, मशीन का काढलंत?

बाबा: तेराशेच्या आत बसवायचं होतं.

आई: ते कळलं. पेट्रोलचाच हट्ट का? ती गाडी काही तुमची आत्येबहीण नाही.

बाबा: एकतीस वर्षं तू संध्याकाळी घरी यायचीस ती डोक्याला रुमाल घट्ट बांधून. दिवसभर डिझेलचा धूर. पायरीवर बसून म्हणायचीस, हा वास पुन्हा नको. आता कुठे सुटलीस. आणि मी काय, दोन वर्षं तोच वास तुझ्यापुढे बांधू? मशीन काय, लोखंडच आहे.

लेक: बाबा, मला म्हणालात कंटाळा आलाय मशीनचा.

बाबा: तुला काय सगळंच सांगायचं?

आई: अहो, डोकं धुराने नाही दुखायचं. ‘बाई, जरा सांभाळून घ्या ना’ ऐकून ऐकून दुखायचं. धुराला बिचाऱ्याला खिडकी होती.

लेक: आणि बाबा, तेव्हाच्या ट्रकांसारखा धूर ही टाकत नाही. नळीत गाळणी आहे. लांब पल्ल्याला धावत राहिली की साफ राहते. वास आला तर मला फोन करा, असेन तिथून येईन.

बाबा: आणि खरंच दुखलं तर?

आई: तर पायरीवर बसेन. या डब्याला आहे एक. तुम्ही शिवत बसा. वाटेत कुणाचा तंबू फाटलेला असेल, कुणाची झिप अडकलेली. माझं दुखणं त्या मशीनच्या आवाजानेच उतरायचं, रुमालाने नाही.

लेक: मग पेट्रोलवाल्याला ‘नाही’ म्हणून सांगू?

आई: सांग. आणि नीट बोल, माणूस चांगला आहे. म्हणावं, गाडीत खोट नाही, आमचा भार जास्त आहे.

बाबा: रागावलीस?

आई: या खिडकीसमोर एकतीस वर्षं लोक आले. कुणी पाण्याच्या टाक्या लपवल्या, कुणी एक चाक प्लेटबाहेर ठेवलं. हलकं दाखवायला सगळेच आले. माझ्यासाठी खरोखर हलकं करून आणणारे तुम्ही पहिलेच. बघत काय बसलात? ते गोणपाट सोडा आणि मशीन जागेवर चढवा. काट्यावर तेराशे तीस आल्याशिवाय मी या खुर्चीवरून उतरणार नाही.