व्हॅन गप्प झाली त्या दिवशी

आमच्या जुन्या व्हॅनचं काय व्हायचं माहितीये? जरा उभी राहिली की इंजिन बंद. म्हणून मी कार्बुरेटरचा स्क्रू पिळून ते कायम चढ्या वेगात ठेवलेलं. आत एवढा आवाज, की आई आणि मावशी मागे बसून ओरडूनच गप्पा मारायच्या.

परवा दोष सापडला. एक रबरी पाइप चिरला होता आणि तिथून इंजिन हवा ओढत होतं. नवा पाइप घातला, स्क्रू सैल केला. आता उभ्या गाडीत इंजिन चालू आहे की बंद, तेच कळेना.

त्याच दुपारी तारकर्लीला मामीकडे जेवायला निघालो. तिच्या अंगणात गाडी थांबवली आणि सवयीने मावशी आईला ओरडून म्हणाली, "तिच्या तिखल्याच्या रश्श्यात मासो शोधूचो लागता गो!"

मामी दारातच उभी होती. मावशीने पदर तोंडाला लावला.

मामी शांतपणे म्हणाली, "मासो आसता, वन्सं. पण तुमची गाडी लांबसून ऐकाक येता, तवसर मी तो लपवून ठेवतंय. आज काय ऐकाकच येवक नाय. चला, जेवक बसा."