आत्याची कॉट आणि छातीएवढे स्पीकर

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारते. उत्तर लगेच देऊ नका, तुमची लगेचची उत्तरं मला पाठ आहेत. घरात काही गोड ऐकायचं असेल, तर घरातलं काय बाजूला सारायचं? टीव्ही? भांडण? की माणूस?

फलटणला सुधाकर बेलसरे म्हणून एक गृहस्थ. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला. चौतीस वर्षं इंजिनांचा खडखडाट ऐकला आणि रिटायर झाल्यावर म्हणाले, आता कानांचे पांग फेडायचे. गवयाचा श्वाससुद्धा ऐकू आला पाहिजे, असं गाणं घरात लावायचं. इच्छा वाईट आहे का? मुळीच नाही. पुढं ऐका.

गेले स्पीकरच्या दुकानात. दुकानदार नझीरभाई, याच धंद्यात केस पांढरे झालेले. त्यांनी विचारलं, "काका, खोली केवढी?"

"दहा बाय दहा."

"मग हे छोटे घ्या. तेवढ्या खोलीला भरपूर झाले."

जावयानं पानातल्या एकुलत्या पुरणपोळीकडं पाहावं, तसं बेलसऱ्यांनी त्या छोट्यांकडं पाहिलं. "मी काय रेडिओ घ्यायला आलोय?" आणि आणले दोन, छातीएवढे उंच. पुरुषाला खोली दिसत नाही मंडळी, शेजारी दिसतो.

आता हे धिप्पाड स्पीकर भिंतीला चिकटवून चालत नाहीत. चिकटवले की नुसती घुमघुम. ते पुढं घ्यायचे, दोघांत अंतर ठेवायचं, आणि तेवढ्याच अंतरावर समोर ऐकणाऱ्याची खुर्ची. चुलीचे तीन दगड असतात ना – तसे तिघं. बेलसऱ्यांनी मोजायची टेप धरून फरशीवर खडूच्या खुणा केल्या. खुर्चीची खूण आली कुठं? चंद्राआत्याच्या कॉटखाली.

चंद्राआत्या म्हणजे त्यांची सख्खी आत्या. आई गेली तेव्हा सुधाकर चार वर्षांचा, हिनं वाढवला. याच खोलीत ती तीस वर्षं राहत होती. कॉट, कापसाची जाड गादी, उशाशी गोधड्यांचा ढीग, दोरीवर दोन लुगडी. संपला संसार.

"आत्या, तुझी कॉट मागच्या पडवीत नेऊ का? थोडे दिवस."

"किती थोडे?"

यावर बेलसरे टेप गुंडाळायला लागले.

कॉट पडवीत गेली, मोरीशेजारी. तिसऱ्या दिवशी सांगलीच्या भाचीला आत्यानं निरोप धाडला – येते, कायमची. शुक्रवारी दुपारी तीनच्या गाडीनं.

आणि इकडं गाणं? त्या रिकाम्या खोलीत असं वाजलं, की गवई आडात पडलाय आणि मदत मागतोय. बेलसऱ्यांनी स्पीकर वीतभर पुढं घेतले, वीतभर मागं. तोंडं आत वळवली, बाहेर वळवली. बायको नलिनी दारातून म्हणाली, "आता मलाच बाहेर काढायचं राहिलंय."

शुक्रवारी सकाळी नझीरभाईंना बोलावलं. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. टाळी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहिली.

"काका, इथनं काय काढलं?"

"काही नाही. आत्याची कॉट. गादी. गोधड्या."

"तेच तर आवाज पीत होतं. उघड्या भिंती परत फेकतात. ते सगळं आणा जागेवर. आणि हे मोठे मी नेतो, छोटे देतो. फळीवर बसतील, कॉटलाही जागा राहील."

बेलसरे पडवीत गेले. आत्या बोचकं बांधत होती. आता तरी माणसानं सरळ बोलावं ना? पण नाही.

"आत्या, गोधड्या तेवढ्या ठेवून जातेस?"

आत्यानं गाठ मारली. "गोधड्या चालतात, सुधा. त्यांत निजणारी तेवढी अडते."

चौतीस वर्षं गाडीतला बिघाड नुसत्या कानानं ओळखणारा माणूस. स्वतःच्या तोंडून काय निघालं, ते त्याला तेव्हा ऐकू आलं. त्यानं वाकून कॉटचं एक टोक धरलं, नलिनीनं दुसरं.

"जाऊ नको आत्या. चुकलो मी." हेही कॉटकडं बघून.

"गाडीला वेळ आहे अजून. बघते," आत्या म्हणाली. लगेच विरघळेल वाटलं तुम्हाला? चार वर्षांचं पोर वाढवलेली बाई आहे ती.

दुपारी छोटे स्पीकर फळीवर बसले. नझीरभाईंनी टेप लावून मोजलं – ऐकायची नेमकी जागा आली कॉटच्या मधोमध. आणि तिथं आत्या बसलेली, बोचकं मांडीवर. गाणं सुरू झालं. गवयानं आलाप घ्यायच्या आधी श्वास घेतला, आणि आत्यानं मान हलवली. बेलसरे दारात उभे. दारापर्यंत निम्मंच पोचत होतं. तीन वाजून गेले. घड्याळाकडं कुणी बघेना.

शेवटी म्हणाले, "आत्या, जरा सरकतेस? मलाही ऐकायचंय."

आत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पाय धुऊन ये," म्हणाली. बोचकं खाली ठेवलं आणि सरकली.

हसताय? हसा. सोफ्यासाठी, फ्रिजसाठी कुणाकुणाच्या घरी कुणाची कॉट हलली? हात वर करू नका, शेजारी बायको बसलीय. एवढंच ध्यानात ठेवा – देव घरी आला की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणावर टेकतो. ते अंथरूण मोरीपाशी घातलंत, तर तोही मोरीपाशीच बसणार.

आता आरती. पण थांबा. तिकडं मागं, चपलांपाशी, पाच-सहा म्हाताऱ्या बसल्यात. माझं निम्मं बोलणं त्यांना पोचलेलं नाही. पुढच्या रांगेतले पंच, जरा सरका. अजून थोडं. हं. या गं बायांनो, पुढं या. यांना नीट बसू द्या, मग निरांजन लावू.