ताईच्या अंगणातलं भोक

दवाखान्यात नंबराची वाट बघत शिंपीणबाई बसल्या होत्या. शेजारी खाणीतला ड्रिलवाला आणि त्याची बहीण. बाईंचे डोळे मिटलेले, कान मात्र टवकारलेले.

“ताई, जस्त शोधायच्या ड्रिलसाठी साहेबांना तुझं अंगण मीच सुचवलं.”

“माझ्या पाण्यासाठीच ना रे?”

“हो. वाटलं, तिकडे कुठलं आलंय जस्त! नुसता दगड निघेल, साहेब भोक सोडून देतील, तुला फुकटात बोअर मिळेल.”

“आणि निघालं जस्त.”

“भरपूर. आता खाण तुझं घरच गिळणार. करायला गेलो एक...”

“झालं भलतंच. जाऊ दे. भांडी बांधून झालीत माझी.”

“शिव्या तरी दे गं!”

“एवढंच सांग, पाणी लागलं होतं?”

“लागलं होतं, ताई. गोड होतं.”