तीनदा ओढलेलं कुलूप

आमच्या आप्पांचा कुणावर विश्वास बसत न्हाय, हे तुम्हाला ठाऊकच हाय. शहापूरच्या घराला मी कुलूप एका कंपनीचं, कॅमेरा दुसरीचा, भोंगा तिसरीचा बसवला आणि तिन्ही माझ्या मोबाइलवर एकत्र जोडले.

आप्पा म्हणाले, "आम्ही सख्खे भाऊ एका घरात नांदलो न्हाय, आणि ह्या तीन कंपन्या बऱ्या नांदत्यात. आतनं काय तरी शिजतंय रं."

दुसऱ्या दिवशी काकतीला निघताना त्यांनी दार लावलं आणि सवयीनं कुलूप तीनदा ओढून बघितलं. कुलपाला वाटलं, कोणतरी फोडतंय. भोंगा बोंबलला, गल्ली जमली आणि माझ्या मोबाइलवर आप्पांचा फोटो आला. खाली लिहिलेलं, 'संशयित व्यक्ती'.

फोटो बघून आप्पा शांतपणे म्हणाले, "मी म्हणत न्हवतो? तिघं एक झाले की पयला मालकच चोर ठरतोय."