नाव घेऊन शपथ

आईचं बोलणं एक दिवस आम्हाला महागात पडणार, हे मी सांगतच होतो. निवडणुकीआधी आमच्या नल्लकुंट्याच्या घरी एक कार्यकर्ता साडी घेऊन आला. मागे दोन आडदांड माणसं.

"अम्मा, भगवान के सामने कसम खाओ, वोट हमारे साबकूच देती बोलके."

आईनं साडीवर हात ठेवून शांतपणे मराठीत शपथ घेतली. "ज्याला द्यायचंय, त्यालाच देईन."

तो जागचा हलला नाही. "मावशी, माझी आई नांदेडची आहे. आता साहेबांचं नाव घेऊन म्हणा."

मी आईला डोळ्यांनी खुणावलं.

आई म्हणाली, "मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, तुझ्या साहेबाचं कशाला घेऊ?"

तो हसला नाही. त्यानं साडी उचलली आणि हातातल्या मतदारयादीत आमच्या घराच्या नंबराभोवती लाल गोल केला.